बोंबलाला इंग्रजांनी ‘डक’ का म्हटलं?

नमस्कार मंडळी! ब्रिटनमधल्या एखाद्या जुन्या करी हाउसच्या मेन्यूवर ‘बॉम्बे डक’ दिसलं, तर बदकाची वाट बघू नका. ताटात येईल सुका बोंबील. आपलाच, घमघमणारा.

हे नाव पडलं कसं, याची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. सुक्या बोंबलाच्या गोण्या म्हणे टपालगाडीतून, ‘बॉम्बे डाक’मधून जायच्या, अख्खा डबा वासाने भरायचा, आणि साहेबाच्या तोंडी ‘डाक’चं ‘डक’ झालं. झकास आहे की नाही?

पण जरा सनावळी लावून बघा. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली १८५३ मध्ये. आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (हो, कॉलेजवाला तोच) १८०३ मध्येच ‘डक्स’ लिहून गेलाय! कंपनीच्या मुंबईकडच्या गोऱ्या साहेबांना तेव्हा थट्टेने ‘डक्स’ म्हणत. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशाच्या संपादकांना वाटतं, की साहेबांना हे नाव या माशावरूनच चिकटलं. म्हणजे मासा आधी ‘डक’ झाला, रेल्वे मागाहून आली.

कुणी म्हणेल, डाक तर रेल्वेच्या आधीही होती. होती ना! पण ती हरकारे पायी न्यायचे. त्यांच्या पाठीवर बोंबलाच्या गोण्या कोण लादणार?

मला विचाराल तर उत्तर इंग्लंडच्याच किनाऱ्यावर आहे. यार्मथ हे तिथलं हेरिंग मासे खारवण्या-धुरावण्यासाठी गाजलेलं बंदर. तिथल्या सुक्या हेरिंगला इंग्रज काय म्हणायचे? ‘यार्मथ केपन’! केपन म्हणजे खास मेजवानीसाठी पोसलेला कोंबडा. फ्रान्सिस ग्रोसच्या १७८५ च्या बोलभाषेच्या कोशात हा शब्द चक्क नोंदलेला आहे. तसंच ‘वेल्श रॅबिट’: नावात ससा, ताटात चीज लावलेला पाव. परवडत नाही त्या मांसाचं नाव स्वस्त पदार्थाला द्यायचं, वर गावाचं नाव जोडून त्या गावालाही चिमटा काढायचा. अस्सल इंग्रजी खवचटपणा!

आणि बोंबील स्वस्त होताच. १६७३ च्या सुमाराला मुंबईत आलेला डॉक्टर जॉन फ्रायर माझगावचं वर्णन करताना ‘बंबेलो’ नावाच्या माशाबद्दल लिहितो, की गरीब लोक यावरच जगतात. यार्मथच्या हेरिंगला कोंबडा करणाऱ्यांनी मुंबईच्या बोंबलाला बदक केलं, हे मला त्या टपालगाडीपेक्षा कितीतरी जास्त पटतं.