किती कापायचं, हे कसं ठरलं?

(व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

माझ्या आत्याच्या उजव्या हातात कधी बांगडी नसायची. लहानपणी मला वाटायचं, ती हौसेनं एकाच हातात भरते. पुढे मेडिकलला गेल्यावर समजलं की तो हात दंडापासून मनगटापर्यंत इतका सुजलेला असायचा की कासाराला बांगडी चढवताच येत नसे. १९६८ साली तिच्या उजव्या स्तनातली कॅन्सरची लिंबाएवढी गाठ काढली होती. गाठीबरोबर अख्खा स्तन गेला, त्याखालचे छातीचे स्नायू गेले, काखेतल्या सगळ्या लसिकाग्रंथी, म्हणजे शरीरातला द्रव गाळणाऱ्या बारीक गाठी, गेल्या. फासळ्यांवर थेट कातडी उरली. हातातला तो द्रव वाहून जायचा मार्गच बंद झाला, म्हणून ती सूज. आत्या त्यानंतर वीस वर्षं जगली. त्यामुळे त्या ऑपरेशनला घरात कुणी नावं ठेवली नाहीत, मीही ठेवत नाही. पण स्वतः सर्जन झाल्यावर एका प्रश्नानं माझी पाठ सोडली नाही. एवढं सगळं कापायलाच हवं होतं का?

हे ऑपरेशन रूढ केलं अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या विल्यम हालस्टेड यांनी. १८९४ मध्ये त्यांनी आपल्या रुग्णांची माहिती छापली. त्यांचा विचार असा, की कॅन्सर गाठीपासून बाहेर क्रमाक्रमानं सरकतो. म्हणजे जितकं रुंद कापाल तितकं त्याला मुळासकट उपटाल. त्या काळी ना केमो होती, ना रेडिएशन. हातात होती ती सुरीच. सगळ्यात कठोर उपाय म्हणजे सगळ्यात प्रामाणिक उपाय, असं मग पिढ्यान् पिढ्या मानलं गेलं. जवळजवळ ऐंशी वर्षं ते मोठ्या प्रमाणावर पडताळून पाहिलं गेलं नाही.

पडताळायला पुढे आले अमेरिकेतलेच सर्जन बर्नार्ड फिशर. त्यांचं म्हणणं, गाठ हाताला लागते तोवर काही पेशी रक्तात पोचलेल्याही असू शकतात, मग सुरी चार बोटं जास्त फिरवून काय साधणार? १९७१ मध्ये त्यांनी मोठी चाचणी सुरू केली. कोणत्या बाईवर कोणतं ऑपरेशन, हे डॉक्टरांनी ठरवायचं नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं. किती सर्जन रागावले असतील, याची मला कल्पना येते. आयुष्यभर ज्यावर श्रद्धा ठेवून हात चालवला, ते चिठ्ठीवर सोडायचं? पण बायका तयार झाल्या. १९८१ मध्ये मिलानहून उंबेर्तो वेरोनेसी यांचे आणि १९८५ मध्ये फिशर यांच्या पुढच्या चाचणीचे निष्कर्ष आले. छोट्या गाठींमध्ये फक्त गाठ आणि भोवतालचा भाग काढून रेडिएशनचे शेक दिले, तरी बायका तितक्याच जगत होत्या.

आत्याच्या ऑपरेशननंतर सतरा वर्षांनी हे उत्तर आलं.

पेशी रक्तात असतील तर औषधही रक्तातूनच जायला हवं, हे ओघानं आलं. त्याची सुरुवात आधीच झाली होती. १९४८ मध्ये बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, सोळा मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिलं, दहांना काही काळ उतार पडला. ते औषध ज्यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे. त्याच वर्षी ते गेले. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव असायला हवं होतं.

आता मी परळला येतो. टाटा रुग्णालय १९४१ मध्ये उघडलं. आपल्याकडे तंबाखू, मिश्री, गुटखा, त्यामुळे तोंडाचा कॅन्सर घरोघरचा. जिभेवर किंवा गालात छोटी जखम आहे, मान चाचपली तर काहीच लागत नाही. मग मानेतल्या लसिकाग्रंथी, जिथे कॅन्सर लपलेला असू शकतो, तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच काढायच्या, की पुढे गाठ दिसली तर काढायच्या? यावर जगभर दशकानुदशकं वाद चालला. मी स्वतः थांबणाऱ्यांपैकी होतो. पेशंटला सांगायचो, दर दोन महिन्यांनी दाखवायला या. पण पेरणी आली, ऊसतोड आली, मुलीचं लग्न आलं, माणूस यायचा राहून जायचा. आणि एक दिवस मफलर गुंडाळून यायचा. मफलर सोडला की मानेला मुठीएवढी गाठ. ते मफलर मला आजही दिसतात.

डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटामध्ये हा प्रश्न चिठ्ठीवर सोडला. २०१५ मध्ये पाचशे रुग्णांचं उत्तर छापून आलं. तोंडाबरोबरच मानेचं ऑपरेशन केलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे इथे जास्त कापणंच बरोबर होतं. म्हणून कृपा करून घरी जाताना ‘कमी कापलं की चांगलं’ एवढंच घेऊन जाऊ नका. स्तनाच्या बाबतीत कमी कापणं बरोबर ठरलं, मानेच्या बाबतीत जास्त. दोन्ही वेळा मोठमोठ्या सर्जनांची खात्री चुकली आणि दोन्ही वेळा ते कळलं रुग्णांमुळे.

टाटाच्याच डॉ. राजेंद्र बडवे यांच्या चाचणीनं तर मला रात्रभर झोप लागली नाही. दाताच्या डॉक्टरकडे हिरडीत टोचतात ते भुलीचं औषध, लिग्नोकेन, स्तनाची गाठ काढण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती टोचायचं. गाठ हाताळताना पेशींना पसरायची जी चालना मिळते ती त्यानं दबत असावी, असा तर्क. देशातली अकरा केंद्रं, जवळजवळ सोळाशे बायका. २०२३ मध्ये छापलेल्या आकड्यांनुसार पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. हे औषध तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्याच्या कपाटात असतं!

महागड्या औषधांनाही परळनं असाच प्रश्न विचारला. निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं, इंजेक्शन मूठभरांनाच परवडतं. तिथल्या डॉक्टरांनी नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांना २० मिलिग्रॅम दिलं. तोंड-घशाचा कॅन्सर पार पुढे गेलेले हे रुग्ण. त्यांच्यात वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या कामातून आलेली सीएआर-टी, म्हणजे रुग्णाच्याच संरक्षक पेशी बदलून कॅन्सरवर सोडायची उपचारपद्धतीही २०२३ मध्ये मंजूर झाली. तिच्यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं.

शेवटी धाराशिवच्या बायकांबद्दल बोलतो. १९९९ पासून त्या जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायकांचे गट पाडून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाचे लोक गावोगाव गेले. २००९ मध्ये उत्तर आलं. एकदाच एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या, साधारण तेवढ्याच मोठ्या गटात ६४. त्या दुसऱ्या गटाला तपासणी का दिली नाही, यावर पुढे वाद झाला, आणि तो रास्त होता, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या चौसष्ट जणी कुणाच्या तरी आया होत्या. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती देते, त्यामागे या बायका आहेत. आपल्या तालुक्यात ती तपासणी अजून सहज मिळत नाही. गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरातलं आम्ल, लावून बघायची तपासणी मात्र होते, प्रत्यक्ष बघायला काही मिनिटं पुरतात. मुंबईच्या वस्त्यांमध्ये दहावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन ती केली, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

दाराशी सिस्टर वही घेऊन बसल्या आहेत. तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची नावं त्या लिहून घेतील. पुरुष मंडळींनी घरी आई, बायको, बहीण असेल तिचं नाव तिला विचारून उद्या फोनवर कळवलं तरी चालेल. तपासणी गुरुवारी सकाळी आहे.