हातचा तीन

नमस्कार श्रोतेहो. आज आमच्या गुरुजींबद्दल बोलायचं आहे. बोरी नदीकाठच्या आमच्या लहानशा गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत, त्यांनी जवळजवळ सगळी नोकरी केली. बदलीचा हुकूम निघाला, की गावकरी पंचायत समितीत जाऊन ठाण मांडायचे. गुरुजी यंदाच्या पौषात गेले.

साने गुरुजींवर त्यांची फार भक्ती. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढायचे, हे आम्ही वर्गात कितीदा तरी ऐकलं. आमचे गुरुजी तसंच फळ्याच्या कोपऱ्यात रोज गावची एक बातमी लिहीत. कुणाची म्हैस व्याली, नदीला पाणी आलं, कापसाला काय भाव फुटला. त्या बातमीवर आम्ही वाचायला शिकलो.

पहिलीत नवं पोर रडत आलं, की गुरुजी त्याच्याशी अहिराणीतच, म्हणजे आमच्या खानदेशी बोलीतच बोलायचे. "काय नाव शे तुनं?" म्हणजे, काय नाव आहे तुझं? एवढ्यावर पोर गप्प व्हायचं. आता आमच्याकडे आईबापच मुलांना अहिराणी बोलू देत नाहीत, आणि मला ते अजिबात पटत नाही. आजीशी बोलायला लाजणारं पोर शहाणं कसं म्हणायचं? असो.

मला सांगायची आहे ती कापूस तोलायच्या काट्याची गोष्ट.

कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायची पद्धत, संपली, आणि व्यापाऱ्यांच्या गाड्या थेट गावात येऊ लागल्या, त्या काळातली. मी चौथीत होतो. वेचणी सुरू झाली की अर्धा वर्ग वावरात. मुली तर दिवाळीनंतर दिसायच्याच नाहीत. एके दिवशी मारुतीच्या पारापाशी काटा लागला. गुरुजींनी हजेरी घेतली आणि म्हणाले, पाट्या उचला. सगळा वर्ग पारावर. तिथे आमच्या वर्गातली एक मुलगी बापाच्या गाठोड्यांजवळ बसली होती. बोटांना बोंडांचे ओरखडे, केसांत कापसाचे तंतू. गुरुजींनी तिच्याही हातात पाटी दिली. शाळेत का आली नाहीस, हे विचारलं नाही.

गाठोडं काट्यावर चढायचं, हमाल आकडा पुकारायचा, आम्ही लिहायचो. 38. 41. साडेछत्तीस. 40. 39. 42. साडेसदतीस. सात गाठोडी. व्यापाऱ्याचा हिशेब ठेवणाऱ्या मुनीमजींनी वहीत बेरीज मारली आणि म्हणाले, 264 किलो. बाप पैसे घ्यायला पुढे सरकला. तेवढ्यात ती मुलगी उभी राहिली. पाटी छातीशी धरलेली. म्हणाली, "हातचा तीन शे, दोन नही."

सगळे गप्प. गुरुजी जागचे हलले नाहीत. त्यांनी फक्त आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, तुमची किती? आम्ही एका सुरात ओरडलो, 274! मुनीमजींनी चष्मा पुसला, पुन्हा बेरीज केली. 274 निघाली. श्रोतेहो, तुम्हीही आकडे मांडून बघा. दोन अर्धे धरून एककांची बेरीज 34 येते, हातचा तीन. मुनीमजींनी दोन धरला होता. दहा किलो कापूस, नुसत्या हातच्यात.

कुणी कुणाला चोर म्हटलं नाही. गुरुजींनी ते होऊच दिलं नाही, चूक कुणाचीही होते म्हणाले. बाप मात्र पारावरच्या एकेका माणसाला सांगत सुटला, "हाई मनी पोर शे!" दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी ती शाळेत हजर होती, आणि वेचणीभर हजर राहिली. पुढे गावात काटा लागला, की लोक आधी शाळेत निरोप धाडायचे: पाटीवालं एखादं पोर पाठवा.

पावकी, निमकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड यांचे पाढे, गुरुजी तोंडपाठ करून घ्यायचे. हे पाढे पुन्हा शाळेत यायला हवेत, असं मी जिथे तिथे म्हणतो. आणि शिक्षकांना मतदारयाद्यांच्या मागे हिंडवणं थांबायला हवं, हेही म्हणतो. मास्तर वर्गात हवा. वर्गात.

अठ्ठावन्नाव्या वर्षी गुरुजी निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यापासून त्याच पारावर संध्याकाळी पाढ्यांचा वर्ग घेऊ लागले. फी नाही, वही नाही. आता तो वर्ग त्यांचे दोन विद्यार्थी आळीपाळीने घेतात, दिवेलागणीनंतर. शेजारच्या गावांतलीही पोरं येतात. पाटी मात्र घरून आणायची.