पिल्लाची पहिली रात्र

नमस्कार श्रोतेहो.

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की पहिला दिवस कसा सरतो ते कळतही नाही. कोणी त्याला मांडीवर घेतं, कोणी फोटो काढतं, नावावरून घरात दोन तट पडतात. मग रात्री दिवे मालवतात, आणि पाचच मिनिटांत स्वयंपाकघरातून बारीक कुईकुई ऐकू येते. बघता बघता ते केकाटणं होतं. अशा वेळी अंथरुणातून कोणीतरी ठासून सांगतं, "कोणी उठायचं नाही! आज उठलात तर रोज उठावं लागेल. रडून रडून होईल गप्प."

आमच्या घरी हे सांगणारा मीच होतो. दोन रात्री मी डोक्यावर पांघरूण ओढून ते रडणं ऐकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर दाराची खालची कड नखांनी ओरबाडलेली आणि पिल्लू दाराला नाक लावून झोपलेलं. गप्प झालं होतं खरं, पण थकून. तेव्हा आज मी बोलणार आहे ते माझ्याच त्या जुन्या हुकुमाविरुद्ध आहे, असं समजा.

पिल्लू बहुधा आठेक आठवड्यांचं असताना आपल्याकडे येतं. जन्मतं तेव्हा त्याला ना दिसत असतं, ना ऐकू येत असतं. डोळे उघडायला दोन आठवडे जातात. अंगातली ऊब टिकवणंही त्याला सुरुवातीला जमत नाही, म्हणून सगळी भावंडं एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपतात. म्हणजे आपल्या घरी येईपर्यंत हे पिल्लू एकही रात्र एकटं झोपलेलं नसतं. शेजारच्या पोटाचं वरखाली होणं, आईचा वास, दुधाची ऊब, एवढीच त्याची झोप. आणि एका दुपारी यातलं सगळंच जातं. आईपासून दुरावलेल्या पिल्लाजवळ एकच उपाय असतो, ओरडणं. आई ते ऐकून शोधत येते. त्यामुळे रात्रीचं रडणं हा हट्ट नाही, ती हाक आहे.

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघा अमेरिकन संशोधकांनी अनेक वर्षं पिल्लांच्या वाढीचा अभ्यास केला आणि १९६५ साली तो पुस्तकरूपाने मांडला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू कोणाला आपलं म्हणायचं ते शिकतं, हे त्यातून पुढे आलं. आपण पिल्लू घरी आणतो ते नेमकं याच काळात. अंधारात हाक मारली तर कोणी येतं की नाही, याचा धडाही ते याच दिवसांत घेत असतं.

मग करायचं काय? पहिले काही दिवस त्याच्या जवळ झोपा. आपल्या पलंगावर घ्यायलाच हवं असं नाही. ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. पण पिल्लाची पेटी किंवा पिंजरा पलंगालगत असा ठेवा, की हात खाली सोडला तर त्याच्या नाकाला लागेल. पिंजरा म्हटलं की काहींच्या कपाळावर आठ्या येतात. पण उभं राहता येईल, वळता येईल आणि पाय पसरून आडवं होता येईल, एवढी जागा असेल आणि दिवसा दार उघडं ठेवून आत खाऊ टाकत सवय लावली असेल, तर पिल्लू त्याला गुहा मानतं. सवय न लावता पहिल्याच रात्री आत कोंडून कडी लावली, तर मात्र तो तुरुंगच.

पिल्लू आणायला जाल तेव्हा एक जुना, मऊ कपडा सोबत न्या आणि आईच्या अंगाला पुसून आणा. हा कपडा पुढचे आठ दिवस धुऊ नका, घरातलं कोणी नाक मुरडलं तरी. कोमट पाण्याची पिशवी जाड कापडात गुंडाळून पेटीच्या एका बाजूला ठेवली तर ऊब मिळते. फक्त तिच्यापासून दूर सरकायला जागा हवी, आणि दातांनी फाडणारं पिल्लू असेल तर पिशवी नकोच. टिकटिकणारं घड्याळ कापडात गुंडाळून ठेवा, त्याला आईच्या काळजाचे ठोके वाटतात, असं जुनी माणसं सांगतात. आमच्या पिल्लाला काही तसं वाटलं नाही. शेजारी कोणी घोरत असेल तर त्याची झोप जास्त छान लागायची.

आता सगळ्यात अवघड भाग, शू. दोन महिन्यांच्या पिल्लाला साधारण तीन तास दम धरवतो. रात्री झोपेत थोडं जास्त, इतकंच. म्हणजे अकराला झोपलात तर दोनच्या सुमारास एकदा उठायचं आहे, हे धरूनच चाला. त्याने रडून उठवायची वाट पाहू नका, आपणच गजर लावा. रडलं की माणूस येतो, हे गणित मग त्याच्या डोक्यात बसत नाही. आठवड्यानंतर पेटी कोरडी राहायला लागली की गजर पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढे ढकलत न्या. बहुतेक पिल्लं चार महिन्यांच्या आसपास रात्रभर काढू लागतात. काहींना वेळ लागतो, त्याला इलाज नाही.

ही रात्रीची फेरी शक्य तितकी कंटाळवाणी असू द्या. मोठा दिवा नको, लाडिक बोलणं नको, चेंडू तर मुळीच नको. उचलायचं, ठरलेल्या जागी उभं करायचं, झालं की हळूच शाबासकी द्यायची आणि परत पेटीत. रात्री दोनला तुम्ही खेळलात, तर उद्या दोन वाजता ते खेळायलाच उठेल, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. लसीकरण पुरं झालं नसेल तर इतर कुत्री फिरतात अशा जागी त्याला खाली सोडू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो.

आणि घरात कुठे ओलं झालंच, तर ओरडू नका. ओरडण्याने पिल्लू एवढंच शिकतं, की तुमच्यासमोर करायची नाही. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं. पुसताना अमोनिया असलेलं द्रव्य टाळा, कारण त्याचा वास लघवीशी मिळताजुळता असतो.

रात्रीची झोप खरं तर संध्याकाळीच ठरते. रात्रीचं खाणं झोपण्याआधी तीनेक तास उरकून टाका. पाणी मात्र तोडू नका. अनेकजण पिल्लाला दमवायचं म्हणून रात्री उशिरापर्यंत खेळवतात आणि ते उलटं अंगावर येतं. पिल्लाला दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते. ती मिळाली नाही तर त्याच्या अंगात वारं शिरतं, घरभर धावतं, घोट्यांना चावतं. आपल्याला वाटतं, अजून दमलं नाही. ते केव्हाच दमलेलं असतं, तान्हं मूल झोप आली की किरकिरतं तसं. तेव्हा दिवे मंद करा, चघळायला काहीतरी द्या आणि जवळ नुसते बसून राहा.

हे सगळं करूनही ते कुरकुरेल. अशा वेळी मिनिटभर कान द्या. बारीक, तुटक कुरकुर असेल तर खाली सोडलेला हात पुरतो, पुष्कळदा ते पुन्हा झोपतं. आवाज चढत गेला किंवा ते पेटीत गोल गोल फिरायला लागलं, तर शू असते, उठा. जुलाब, उलटी, सारखी थेंब थेंब लघवी किंवा दिवसाही मलूल पडून राहणं असेल, तर मात्र हा सवयीचा प्रश्न नाही, पशुवैद्याकडे न्या. झोपेत पाय झटकले, ओठ हलले, बारीक भुंकलं, तर उठवू नका. ते स्वप्न असावं.

चार-सहा रात्री सलग शांत गेल्या, की पेटी हातभर लांब सरकवा. मग दारापाशी, मग दाराबाहेर, शेवटी तुम्हाला हवी तिथे. मध्ये पुन्हा रडलं तर एक पाऊल मागे या. आमच्याकडे पलंगापासून दारापर्यंतच्या प्रवासाला तीन आठवडे लागले. दुसऱ्या पिल्लाला पाच दिवसही लागले नाहीत. दाराच्या कडेचे ओरखडे मी अजून रंगवलेले नाहीत.

आज रात्रीच कोणाकडे पिल्लू येणार असेल, तर रेडिओ बंद केल्यावर आधी एक काम करा. चपला, विजेरी आणि दाराची किल्ली उशाशी काढून ठेवा. दोन वाजता, एका हातात वळवळणारं पिल्लू असताना, किल्ली सापडत नाही.

नमस्कार.