धुक्यात उमटणाऱ्या रेघा

क्लाउड चेंबरच्या, म्हणजे अदृश्य कणांच्या वाटा दाखवणाऱ्या पेटीच्या, काळ्या तळावर आत्ता उमटून विरली, ती पांढरी रेघ म्हणजे एका अल्फा कणाची वाट आहे. कण स्वतः दिसत नाही. दिसतात ते त्याच्या वाटेवर जमलेले अल्कोहोलचे सूक्ष्म थेंब. या पेटीच्या झाकणाला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले फेल्ट लावले आहे, तळाखाली उणे 78 अंश सेल्सिअसचा ड्राय आइस (गोठलेला कार्बन डायऑक्साइड) आहे, आणि खाली उतरणारी वाफ तळाजवळ इतकी थंडावते की थेंब धरायला तिला केवळ निमित्त हवे असते. प्रभारित कण धावताना हवेच्या रेणूंतील इलेक्ट्रॉन उडवून लावतो, मागे आयन उरतात आणि त्या आयनांभोवती थेंब धरतात.

मधली कांडी वेल्डिंगच्या कामातील, थोरियममिश्रित टंगस्टनची आहे. थोरियम या किरणोत्सारी मूलद्रव्याच्या अणुकेंद्रातून दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन एकत्रच बाहेर पडतात, तोच अल्फा कण. त्याची रेघ जाड, सरळ आणि काही सेंटिमीटरांतच संपणारी असते. शेजारची बारीक, वळणे घेणारी रेघ इलेक्ट्रॉनची आहे. प्रोटॉनचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे 1836 पट असते, हे वाक्य पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा अर्थ येथे डोळ्यांनी कळतो, कारण हलका इलेक्ट्रॉन धडकांनी सहज वळतो आणि जड अल्फा कण सहसा ढळत नाही. फळ्यावरच्या अणूच्या वर्तुळांच्या आकृतीआधी मुलांना ही पेटी दाखवायला हवी, असे आम्हाला ठामपणे वाटते.

स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावर 1894 मध्ये ढगांतील रंगीत वलये पाहून भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी प्रयोगशाळेत ढग बनवायला घेतले. 1911 मध्ये त्यांना त्या ढगात कणांच्या वाटा टिपता आल्या. पुढे केंब्रिजमध्ये पॅट्रिक ब्लॅकेट यांनी सुमारे 23,000 छायाचित्रे घेतली. त्यांतील सुमारे 4 लाख रेघांपैकी केवळ 8 रेघांना असा फाटा फुटला होता, की नायट्रोजनच्या अणुकेंद्रात अल्फा कण सामावून प्रोटॉन बाहेर पडल्याचे आणि ऑक्सिजन तयार झाल्याचे 1925 मध्ये सिद्ध झाले. अणुकेंद्र हे अणूपेक्षा दहा हजार पटींहूनही लहान असल्याने अशी गाठ इतकी विरळा पडते.

न्यूट्रॉनला प्रभार नसल्याने त्याची रेघ उमटत नाही. त्याने धडक दिलेले अणुकेंद्र मात्र आपली रेघ सोडते. जेम्स चॅडविक यांनी 1932 मध्ये शोधलेल्या या कणाने पुढे युरेनियमचे अणुकेंद्र दुभंगले, आणि त्यातून अणुबॉम्ब आणि अणुवीज दोन्ही आले.