पहिलीच आवृत्ती, आकडा मात्र दोन

(वेंगुर्ल्यात होमस्टेवाले आणि काजू-आंबा व्यावसायिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलंय, काहींना यंदा घ्यायचंय. विक्रेता येतो आणि म्हणतो, "आमचं आठवं व्हर्जन चालू आहे." दुसऱ्याचं असतं १.२. मन आठाकडे ओढ घेतं, कारण आठ म्हणजे सात वेळा चुका निस्तरून झाल्या, असं आपण धरून चालतो. ही ओढ खरी आहे आणि विकणाऱ्यांना ती चाळीस वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅश्टन-टेट या अमेरिकी कंपनीने 'डीबेस टू' हे माहितीच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं. डीबेस वन कधी निघालंच नव्हतं! पहिल्याच मालावर 'दोन' लिहिलं, म्हणजे गिऱ्हाईक बिचकणार नाही. १९९३मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजवरचं वर्ड २.०वरून थेट ६.०वर नेलं. डॉस या विंडोजआधीच्या प्रणालीवरच्या वर्डशी आकडा जुळवायचा होता, हे खरंच. पण प्रतिस्पर्धी वर्डपरफेक्टही तेव्हा ६.०वर पोचलं होतं. त्याच वर्षी विंडोज एनटी जन्माला आलं तेच मुळी ३.१ म्हणून. लिनक्स ही विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली, तिचा स्लॅकवेअर हा एक प्रकार. १९९९मध्ये स्लॅकवेअर ४वरून ७वर गेलं. इतरांचे आकडे पुढे गेल्यामुळे लोकांना आपलं जुनाट वाटतं, हे त्याच्या कर्त्याने, पॅट्रिक फोल्करडिंग यांनी, उघड सांगितलं. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

उलटंही घडतं. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं 'वाइन' १९९३मध्ये सुरू झालं आणि त्याचं १.० निघालं २००८मध्ये. मधली पंधरा वर्षं लोक ते वापरतच होते. क्रोमसारख्या ब्राउझरचा आकडा तर दर काही आठवड्यांनी वाढतो, त्यावरून काहीच कळत नाही.

आता आपल्याकडचंच बघा. इथल्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या जाती काढल्या, वेंगुर्ला-१पासून पुढे ९पर्यंत. कलमं घ्यायला गेल्यावर "सगळ्यात मोठा नंबर द्या" असं कोणी म्हणतं का? कोणी चार मागतो, कोणी सात. साताची बी दहा ग्रॅमच्या आसपास भरते, हे ठाऊक असतं म्हणून. आकड्यामागचं झाड आपण पाहिलेलं असतं. सॉफ्टवेअरचं झाड दिसत नाही, म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबायची पाळी येते.

आणि कधी कधी खरी गोष्ट पहिल्या आकड्यात नसतेच, ती शेपटाला असते. ओपनएसएसएल हे इंटरनेटवरची देवाणघेवाण सांकेतिक करणारं सॉफ्टवेअर, जगभरच्या असंख्य वेबसाइट त्यावर चालतात. २०१४मध्ये त्यात 'हार्टब्लीड' नावाचं भोक सापडलं. त्यातून सर्व्हरच्या मेमरीतले तुकडे, अगदी पासवर्डसुद्धा, बाहेरच्याला वाचता येत होते. १.०.१पासून १.०.१एफपर्यंतच्या आवृत्त्या धोक्याच्या, १.०.१जी सुरक्षित. एका अक्षराचा फरक! एफवर बसलेल्याला सुरुवातीचा '१' काय कामाचा?

म्हणून विक्रेत्याला आकडा विचारू नका, बदलांची यादी मागा: कोणत्या तारखेला काय दुरुस्त केलं. पडताळायला एक तारीख देतो, २२ सप्टेंबर २०२५. त्या दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीच्या भाड्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५वर आला. होमस्टेवाल्यांनो, तुमच्या सॉफ्टवेअरने त्या सकाळी पाहुण्याच्या बिलावर ५ छापले की १२? दुरुस्ती आधीच येऊन बसली होती, की चार फोन करावे लागले? नवीन घेणाऱ्यांनी हाच प्रश्न त्या विक्रेत्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना विचारावा, कुडाळ-सावंतवाडीत दोघे-तिघे तरी भेटतीलच. पैसे देण्याआधी विचारा, आणि वार्षिक देखभालीच्या करारात असे सरकारी बदल धरलेत की त्यांचे वेगळे पैसे, तेही लिहून घ्या.