जिम थॉम्पसन: नाहीसं होण्याआधीची वीस वर्षं

मंडळी, थाई रेशमाला जगभर नाव मिळवून देणारा अमेरिकन जिम थॉम्पसन, त्याचं नाव निघालं की लोक थेट २६ मार्च १९६७ या तारखेवर येतात. मलेशियातलं कॅमेरून हायलँड्स, ईस्टरचा रविवार, मूनलाइट बंगल्यात यजमान दुपारचे आडवे झालेले, आणि एकसष्ट वर्षांचा पाहुणा सिगारेटी मागे ठेवून बाहेर पडला तो परतलाच नाही. शेकडो सैनिक, पोलीस आणि ओरांग असली, म्हणजे तिथल्या आदिवासी, वाटाड्यांनी रान पिंजून काढलं; मागमूस लागला नाही. या गूढात भर घालायला मी उभा नाही. या एका दुपारीपायी त्या माणसाची आधीची वीस वर्षं झाकली गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

थॉम्पसन मूळचा अमेरिकेतल्या डेलावेअरचा, पेशाने वास्तुविशारद. युद्धात तो ओएसएसमध्ये, म्हणजे सीआयएच्या आधीच्या गुप्त लष्करी संघटनेत गेला. उत्तर आफ्रिका, इटली, फ्रान्स करून १९४५ मध्ये सिलोनला आला. तिथून थायलंडमध्ये पॅराशूटने उतरायचं आणि जपान्यांविरुद्ध छुपं काम करणाऱ्या ‘सेरी थाई’ चळवळीला मिळायचं, असा बेत होता. तेवढ्यात जपानने शरणागती पत्करली. लढायला निघालेला अधिकारी बँकॉकमध्ये पोचला तो शांततेच्या दिवसांत, आणि तिथलाच झाला.

सेरी थाईचे पुढारी त्याचे मित्र बनले, विशेषतः ईशान्येकडच्या इसान भागातले. पण १९४७ च्या लष्करी उठावात चळवळीचे नेते प्रीदी यांना देश सोडावा लागला. १९४९ मध्ये चार माजी मंत्र्यांना पोलिसांच्या ताब्यात असताना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांतले तिघे इसानचे. ज्या राजकारणावर त्याने भरवसा ठेवला होता ते असं डोळ्यांदेखत संपलं. माझ्या मते रेशमाकडे तो इतक्या जिद्दीने वळला त्याचं एक कारण यात आहे.

आता बान क्रुआकडे येऊ. बँकॉकच्या सेन सेप कालव्याकाठची ही चाम मुसलमानांची वस्ती. यांचे पूर्वज सयामच्या, म्हणजे तेव्हाच्या थायलंडच्या, सैन्यातून लढले, त्याबद्दल राजाने त्यांना ही जमीन दिली. घरोघरी माग होते, पण यंत्रावरच्या स्वस्त परदेशी कापडापुढे बहुतेक बंद पडत चालले होते. थॉम्पसनने इथून नमुने घेतले आणि १९४७ मध्ये न्यूयॉर्कला ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या संपादिका एडना वुलमन चेस यांच्यापुढे मांडले. त्यांना ते फार आवडले. १९४८ मध्ये थाई सिल्क कंपनी उभी राहिली. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलेल्या ‘द किंग अँड आय’ या संगीत नाटकाच्या वेशभूषेत हे रेशीम झळकलं आणि मागणी एकदम वाढली.

त्याने बदललं काय, ते नीट बघा. जुने वनस्पतिजन्य रंग पाण्यात उतरायचे. त्याने पक्के स्वित्झर्लंडचे रंग आणले. पण सूत हातानेच काढलेलं, मध्येच जाड, मध्येच बारीक, ते तसंच ठेवलं. ताण्याला एक रंग, बाण्याला दुसरा. कापड हातात घेऊन जरा कलतं केलं की जांभळ्यातून सोनेरी उमटतो. आपल्याकडे धूपछाव म्हणतात तोच हा प्रकार. यंत्राला जो दोष वाटला असता, तीच या कापडाची ओळख झाली. विणकरांना त्याने कारखान्यात आणून बसवलं नाही. माग घरातच राहिले आणि कापड बघायला तोच त्यांच्या दारात जायचा. पुढे राहायलाही तो कालव्याच्या समोरच्या काठावर आला. जुनी सागवानी घरं सुटी करून आणून, पुन्हा जोडून त्याने १९५९ मध्ये आपलं घर उभं केलं.

त्याला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. त्याच्या संग्रहातल्या प्राचीन मूर्तींवरून १९६० च्या दशकात थाई सरकारच्या कलाविभागाशी त्याचं बिनसलं, आणि तिथे सरकारची बाजू मला रास्त वाटते. देशाच्या मूर्ती देशाकडेच राहायला हव्यात.

पण व्यवसायाची घडी त्याने अशी बसवली होती की तो नाहीसा झाल्यावरही कंपनी बुडाली नाही. विणकाम मात्र हळूहळू कोराट प्रांतातल्या पाक थोंग चाईकडे सरकलं. बान क्रुआला १९९० च्या दशकात जलदगती महामार्गाच्या योजनेपासून घरं वाचवण्यासाठी झगडावं लागलं. वस्ती टिकली, माग फार थोडे उरले. तुमच्यापैकी जे बँकॉकला जाल ते थॉम्पसनचं घर बघालच, ते आता संग्रहालय आहे. माझी कळकळीची विनंती एवढीच, की घर बघून तसेच मागे फिरू नका. कालवा ओलांडून बान क्रुआत जा, माग चालू दिसला तर थांबा, आणि कापड घ्यायचं असेल तर त्या विणकराच्या हातून घ्या.