घर उभं राहतं, मग पैसे येतात

नमस्कार श्रोतेहो.

जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कुठल्याही तालुक्याच्या गावी जुन्या वस्तीतून एक चक्कर मारा. भिंती लिंटलपर्यंत, म्हणजे दार-खिडकीवरच्या पट्टीपर्यंत आलेल्या, वर स्लॅब नाही, कॉलमच्या गजांवर गंज चढलेला आणि आत ताडपत्री ताणून संसार मांडलेला, असं एखादं घर हमखास दिसेल. विचारलंत तर उत्तर येईल, "घरकुल मंजूर आहे, पण हप्ता पडला नाही अजून."

मी एका नगर परिषदेच्या बांधकाम विभागात २२ वर्षं काढली. त्यातली शेवटची वर्षं माझ्या टेबलावर घरकुलाच्याच फायली होत्या. गरिबाच्या घरासाठीचं सरकारी अनुदान शहरापर्यंत आणि शहरातून त्या घरापर्यंत कसं पोचतं, हे आज तुम्हाला सांगायचं आहे. अनुदान किती, यावर सभा होतात, भाषणं होतात. माझा अनुभव असा, की अनुदान किती याच्याइतकंच ते कधी येतं आणि कुठला कागद मागतं, यावर घर उभं राहणं अवलंबून असतं.

प्रधानमंत्री आवास योजना शहरांसाठी २५ जून २०१५ ला सुरू झाली. तिचे चार भाग होते. झोपडपट्टी आहे त्याच जागेवर विकसित करणं, कर्जाच्या व्याजात सवलत, भागीदारीतून मोठे गृहप्रकल्प आणि चौथा भाग म्हणजे स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणं. लहान गावांमध्ये लोक 'घरकुल' म्हणतात ते बहुतेक या चौथ्या भागाचं. त्यात केंद्राचे दीड लाख आणि महाराष्ट्र शासनाचा १ लाख, असे अडीच लाख मिळतात. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं आणि कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको.

शहराचं काम कुठून सुरू होतं? आधी मागणी सर्वेक्षण. मग अर्जांची छाननी करून सविस्तर प्रकल्प अहवाल करायचा, त्याला आम्ही सगळे डीपीआर म्हणतो. तो म्हाडाकडे जातो, कारण या योजनेसाठी राज्याची सुकाणू संस्था म्हाडा आहे. पुढे मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची राज्य समिती, त्यानंतर दिल्लीची केंद्रीय समिती. तिथे शिक्का बसला की इकडे गावात पेढे वाटले जातात, "यादीत नाव लागलं!" मीही त्यातले पेढे खाल्लेले आहेत. पण पैसा अजून निघालेला नसतो.

केंद्राचा वाटा राज्याला तीन टप्प्यांत येतो. आधी ४० टक्के, मग ४०, शेवटी २०. पहिल्या रकमेचा मोठा हिस्सा खर्च झाल्याचं दाखवलं की दुसरा टप्पा सुटतो. हेच खाली घरापर्यंत झिरपतं. जोतं झालं की एक हप्ता, लिंटलला दुसरा, स्लॅबला तिसरा, असं चालतं. प्रत्येक वेळी आमचा माणूस मोबाइल घेऊन जागेवर जातो, घराचा फोटो काढतो, अक्षांश-रेखांशासह तो उपग्रहाच्या नकाशावर चढवतो. यालाच जिओ टॅगिंग म्हणतात. ही पद्धत चांगली आहे, हे मी मनापासून सांगतो. पूर्वी कागदावर घरं बांधली जात, पैसे उचलले जात आणि जागेवर बाभळीशिवाय काही नसे. फोटोने ते बंद केलं.

पण फोटो कशाचा काढायचा? बांधून झालेल्या भिंतीचा. म्हणजे भिंत आधी, पैसा नंतर. ज्याच्याकडे पैसा नाही म्हणून तो अनुदान मागतोय, त्यानेच आधी पैसा घालायचा.

आमच्या गावातल्या एका मावशींचं सांगतो. नवरा वारलेला, दोन मुली, धुण्याभांड्याची कामं. जुनं घर मातीच्या भिंतींचं, वर पत्रा. नवं बांधायचं तर जुनं पाडावं लागतं, कारण जागा तेवढीच. पाडलं, आणि त्या दिवसापासून भाड्याची खोली सुरू झाली. हे भाडं कुठल्याही अंदाजपत्रकात नसतं. जोत्यासाठी बचत गटातून २० हजार घेतले, कमी पडले म्हणून सावकाराकडून शेकडा पाचने आणखी उचलले. शेकडा पाच म्हणजे महिन्याला, वर्षाला नव्हे. जोतं झालं. मी स्वतः फोटो काढायला गेलो. बोळ इतका अरुंद, दोन्ही बाजूंना घरं इतकी खेटून, की मोबाइलला जागेचा ठिपका पकडता येईना. मावशी जोत्यावर पदर सावरून उभ्या आणि मी हात वर करून बोळात मागेपुढे करतोय. चौथ्या खेपेला फोटो चढला. "आता येतील ना पैसे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. ते आले, पण दिवाळी उलटून गेल्यावर. निधी वरून आलेला नव्हता. तोवर सावकाराचं व्याज त्या हप्त्याचा एक लचका तोडून बसलं होतं.

हा दोष कुणा एका माणसाचा नाही. खालची शहरं वेळेवर खर्चाचा हिशोब देत नाहीत, म्हणून वरून टप्पा सुटत नाही. टप्पा सुटत नाही, म्हणून खाली घरं अडतात. घरं अडली की पुन्हा खर्चाचा हिशोब अपुरा. एखाद्या गावात १०० घरं मंजूर असतात, त्यातल्या ३० जणांनी पायाच खोदलेला नसतो, आणि त्यांच्यामुळे ज्यांची भिंत उभी आहे त्यांचेही पैसे लांबतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याचा मला आजही त्रास होतो.

आता रकमेचंही बघू. घर ३० चौरस मीटरचं धरू, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट. बांधकामाचा दर फुटाला १५०० रुपये धरला तरी पावणेपाच लाखांच्या पुढे जातं. अडीच लाख वजा केले तर सव्वादोन लाखांहून अधिक त्या कुटुंबाने उभे करायचे. योजनेचा दुसरा अवतार १ सप्टेंबर २०२४ ला आला, १ कोटी कुटुंबांसाठी. त्यातही स्वतः बांधायच्या घराला आपल्या राज्यात केंद्राचे दीड लाखच ठेवले आहेत. २०१५ मध्येही दीड लाख, २०२४ मध्येही दीड लाख. मधल्या नऊ वर्षांत सिमेंटचं पोतं, लोखंड, गवंड्याची हजेरी कुठे पोचली, ते तुम्हाला मी सांगायला नको. राज्य सरकारने घरकुलवाल्यांना ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत द्यायचं धोरण आणलं, ते चांगलंच झालं.

आणि आता कागद. माझ्या मते सगळ्यात मोठी गाळणी इथे आहे. स्वतःच्या जागेवर बांधायचं तर जागा स्वतःची असल्याचा पुरावा हवा. टेबलासमोर माणूस येतो, पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या पावत्या काढतो. "साहेब, ३० वर्षांची घरपट्टी भरलीय." खरं असतं. पण घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. सिटी सर्व्हेचा उतारा, म्हणजे शहरातल्या जागेच्या मालकीची नोंद काढली, तर त्यावर आजोबांचं नाव. आजोबा जाऊन जमाना झाला. त्यांना चार मुलं, त्यातला एक सुरतेला, एक बेपत्ता, एका बहिणीचं लग्न होऊन ती कर्नाटकात. सगळ्यांच्या संमतीवर सह्या आणायच्या. भाऊबंदकी तिथे उफाळते. वर्षानुवर्षं ज्या पडक्या खोलीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, तिच्यात सरकारचा पैसा येतोय म्हटल्यावर सगळ्यांना हिस्सा आठवतो.

ज्यांच्या पायाखालची जमीनच सरकारी आहे, त्यांची गोष्ट आणखी अवघड. राज्याने शहरांतल्या सरकारी जमिनींवरची १ जानेवारी २०११ आधीची राहती अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय घेतलेला आहे. नव्या योजनेतही भूमिहीनांना राज्याने पट्टे, म्हणजे जागेच्या हक्काचे कागद द्यावेत, अशी सोय आहे. पण पट्टा द्यायचा तर मोजणी हवी, मोजणीला माणूस हवा, आणि तो माणूस वर्षभर इतर कामांत गुंतलेला. म्हणून शहरं काय करतात? ज्यांचे उतारे चोख आहेत त्यांची नावं आधी घेतात. डीपीआर लवकर तयार होतो, उद्दिष्ट पूर्ण होतं. मीही हे केलंय. आणि गावातली सगळ्यात गरजू माणसं, नाल्याकाठची, गायरानातली, यादीच्या बाहेर राहिली.

याच्या उलट चित्र सोलापूरला दिसतं. तिथल्या विडी कामगार बायकांनी आधी संघटना केली, संस्था काढल्या, जमीन मिळवली आणि मग सरकारच्या दारात गेल्या. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगारांची १० हजार घरं झाली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. पुढे माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने रे नगर उभं राहिलं. ३० हजार घरं, तीही विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कागद-काच वेचणारे, रिक्षावाले यांच्यासाठी. ९ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ ला १५ हजार घरांचा ताबा त्यांच्याच हस्ते दिला. पायाभरणीच्या वेळी प्रकल्पाचा खर्च होता १८११ कोटी, त्यात केंद्र आणि राज्याचं मिळून अनुदान ७५० कोटी. भागाकार करून बघा, घराला ६ लाखांच्या आसपास खर्च आणि अनुदान तेच अडीच लाख. उरलेले कामगाराने बचतीतून आणि कर्जातून द्यायचे. विड्या वळून पोट भरणाऱ्या बाईने बँकेचा हप्ता भरायचा, ही गोष्ट सोपी नाही. तरी तिथे एकटं कुणी नव्हतं. जमिनीचा कागद संस्थेने मिळवला, परवानग्या संस्थेने आणल्या, निधी अडला तेव्हा मुंबई-दिल्लीला संस्थेने धडका मारल्या. तरीही एक बोच राहते. स्वस्त जमीन शहराबाहेरच मिळते. मग रोज कामाला यायचा बसचा खर्च, मुलांच्या शाळा, दवाखाना, हे सगळं घर मिळाल्यानंतर सुरू होतं.

पुण्यात येरवड्याला वेगळी वाट निघाली होती. जवाहरलाल नेहरू पुनरुत्थान अभियानाच्या काळात तिथल्या काही वस्त्यांमध्ये कच्ची घरं होती तिथेच पक्की करायचं ठरलं. वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांनी एकेका कुटुंबाबरोबर बसून २७० चौरस फुटांची घरं आखली, आणि महिला मिलन या वस्तीतल्या बायकांच्या संघटनेने लोकांचा १० टक्के वाटा गोळा केला. शेजार तुटला नाही, रोजगार तुटला नाही. मला ही रीत फार मोलाची वाटते. मोठ्या आकड्यांच्या मागे लागलेल्या शहरांना मात्र ती संथ वाटते.

बाहेरच्या एका शहराचं उदाहरण देतो. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहराने १९८४ मध्ये एक जमीन निधी उभारला. शहर आधीच जमिनी घेऊन ठेवतं. १९९५ पासून मोठ्या प्रकल्पांसाठी बांधणाऱ्या संस्थांची स्पर्धा होते. आराखडा, खर्च आणि पर्यावरण यांवर परीक्षक निवड करतात. तिथे माणसं एकत्र कशी राहतील, हाही निकष २००९ पासून आला. जो निवडला जातो त्याला जमीनही मिळते आणि अनुदानही. व्हिएन्ना श्रीमंत आहे, आपली नगर परिषद पगाराला महाग, हे मला ठाऊक आहे. पण जमीन आधी आणि पैसा मागून, हा क्रम घ्यायला श्रीमंती लागत नाही. आपल्या नगर परिषदेने वर्षातले दोन महिने मोजणी, वारस नोंदी आणि पट्टे यांसाठी वस्तीत टेबल टाकून बसायचं ठरवलं, तर त्याला दिल्लीची मंजुरी लागत नाही. आणि जोत्यापुरती रक्कम आधी हातात देणारा एक फिरता निधी नगर परिषदेने ठेवला, हप्ता आला की तो परत भरून घेतला, तर सावकाराचं दार कितीतरी बायकांना चढावं लागणार नाही. हे मी नोकरीत असताना दोनदा लिहून दिलं होतं. आता तुमच्यासमोर बोलतोय.

त्या मावशींचं घर झालं, बरं का. स्लॅबच्या दिवशी सगळा बोळ घमेली उचलायला आला होता. पाटी लागली, तिच्यावर त्यांचंच नाव आहे.

जाता जाता कामाचं सांगतो. घरकुलाचा अर्ज करायचा असेल तर यादी लागायची वाट बघू नका. तुमच्या जागेचा उतारा आत्ताच काढून बघा. त्यावर वडिलांचं किंवा आजोबांचं नाव असेल, तर मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन वारस नोंदीचा अर्ज द्या. शहरात सिटी सर्व्हेचा उतारा असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात, सातबारा असेल तर तलाठ्याकडे. अर्जाची पोच मागून घ्या आणि ती जपून ठेवा. भावाबहिणींशी आत्ता बोला, घरात अजून पैसा आलेला नाही तोवर. आणि जुनं घर पाडायच्या आधी नगर परिषदेत जाऊन एकच गोष्ट विचारा, पहिल्या हप्त्याचा निधी आलेला आहे का?

नमस्कार.